शिशाच्या नाण्यांवरची पांढरी भुकटी

संग्रहालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचं प्रात्यक्षिक मराठवाड्यातल्या एका लहान संग्रहालयाच्या भांडारात चाललं होतं. काम ठरलेलं होतं: सातवाहन नाण्यांचे खण एकेक करून उघडायचे, प्रत्येक नाण्याची स्थिती लिहायची आणि जुन्या नोंदवहीशी ताळा घालायचा. एक खण ओढला आणि शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी दिसली. काहींवर टिकलीएवढे ठिपके, काही पार माखलेली, आणि मखमलीच्या खोबणीतही सांडलेली. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे मुलांचा पहिला तर्क बुरशीचा. एकाने ब्रश उचललाही होता. तो आधी खाली ठेवायला लावला.

दहापट भिंगातून बुरशी पाहिली तर तंतू दिसतात, ती पृष्ठभागावर पसरलेली असते. ही भुकटी कणीदार होती आणि नाण्याच्याच बारीक खड्ड्यांतून वर आली होती. जिथे ती गळून पडली होती तिथे खालचा धातू खाल्लेला होता. म्हणजे नाण्याचं शिसंच पांढरं होत चाललं होतं. त्याच खणातली पोटिनची (तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूची) नाणी जवळजवळ स्वच्छ होती, चांदीची नुसती काळवंडली होती. पांढरेपणा फक्त शिशावर आहे हे दिसलं की पहिला संशय कपाटावर घ्यायचा.

कपाट नवं होतं: प्लायवूडचा सांगाडा, एमडीएफचे (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळीचे) खण, आत चिकटवलेली मखमल, दारांना रबरी पट्ट्या. दिसायला देखणं, आणि बंद केलं की आतली हवा बाहेर पडणार नाही असं. प्लाय आणि एमडीएफमधून असेटिक व फॉर्मिक आम्लांची वाफ सतत सुटते. मोकळ्या फडताळात ती विरून जाते, बंद खणात साठते. शिशावर आधी त्याचं असेटेट तयार होतं. मग दमटपणा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून त्याचं बेसिक कार्बोनेट बनतं, आणि या पायरीत असेटिक आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढच्या शिशाला लागतं. थोडंसं आम्लही म्हणूनच पुरतं. शिशाचा सफेदा पूर्वी याच पद्धतीने बनवत: शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत कोंडून. चांदी काळी पडली होती ती गंधकामुळे, आणि त्याचा संशय रबरी पट्ट्यांवर होता.

उरलेला पुरावा नोंदवहीत मिळाला. ही नाणी आधी साध्या लोखंडी कपाटात, कागदी पाकिटांत होती. तेव्हाचा शेरा ‘करडा रंग, स्थिती चांगली’. सोबतच्या कृष्णधवल फोटोंत अक्षरं वाचता येत होती. पांढरेपणाची पहिली नोंद नव्या कपाटात नाणी हलवल्यानंतरची. फोटो आणि तारखेचा शेरा नसता तर हे कोडं त्या दिवशी सुटलं नसतं. नोंदणीचा तास मुलांना रटाळ वाटतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

आता या नाण्यांत जातं काय, ते पाहा. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह, आणि कडेने ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख: ‘रञो’ (राजाचा) या शब्दाने सुरू होणारा, पुढे राजाचं नाव. सातकर्णी नावाचे राजे अनेक झाले. कोणता हे कळतं ‘गोतमिपुतस’, ‘वासिठिपुतस’ अशा मातृनामावरून. लेख कडेला असल्यामुळे ठसा मारतानाच निम्मी अक्षरं नाण्याबाहेर गेलेली असतात. उरलेल्यांपैकी दोन अक्षरं भुकटीत गेली की ते नाणं ‘सातवाहन, अनिश्चित’ या ढिगात जाऊन पडतं. पुसट खुणांची किंमत जोगलथेंबीने दाखवली आहे. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या या गावी क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. खालचा नहपानाचा ठसा अर्धवट का होईना शिल्लक राहिला, म्हणून नाण्यांवरून हा सत्तापालट वाचता येतो.

म्हणूनच ब्रश खाली. भुकटीच्या थरातही अक्षराचा उंचवटा टिकून असू शकतो; तो झटकला की गेला. थर काढायचा की विद्युत-अपघटनाने त्याचं पुन्हा शिसं करायचं, हे धातूच्या संवर्धकाने ठरवायचं. अभिरक्षकाने आधी कारण थांबवायचं.

त्या दिवशीचा क्रम असा. खण जसा होता तसा मोजपट्टीसह फोटोत घेतला. आलेख कागदावर खणाचा नकाशा काढून प्रत्येक खोबणीत नाण्याचा क्रमांक लिहिला, कारण नाणी एकदा उचलली की कुठलं कुठे होतं हे सांगता येत नाही. नायट्राइलचे हातमोजे, मास्क; फुंकर मारायची नाही, टेबलाजवळ चहा नाही. ही भुकटी विषारी आहे. नाणं कडेने धरून 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन केलं. व्यास मोजायला प्लास्टिकचा कॅलिपर, कारण स्टीलचा शिशावर ओरखडा काढतो. सांडलेली भुकटी फेकली नाही, क्रमांक घालून कुपीत ठेवली. नाणी पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत, सोबत नारिंगी सिलिका जेल आणि आर्द्रतादर्शक पट्टी. आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली आली की गंज मंदावतो, पण आम्लाची वाफ असेपर्यंत पुरता थांबत नाही.

नाण्याखाली घालायच्या फोमपाशी बहुतेक जण फसतात. पॉलिइथिलीन फोम चालतो. स्टेशनरीच्या दुकानात ‘फोम शीट’ म्हणून मिळते ती बहुधा ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल असेटेट) या प्लास्टिकची असते. दिसायला तशीच, पण तिच्यातून असेटिक आम्लच सुटतं. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटंही नकोत. नाण्यावर नेलपॉलिशचा थर देऊन क्रमांक लिहायची जुनी सवय तर पूर्ण सोडावी. क्रमांक आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर, मऊ पेन्सिलीने.

कपाटाचा तुकडा, मखमल आणि नवा फोम ऑडी चाचणीला लावले; एखाद्या साहित्यातून धातूला घातक वाफ सुटते का, हे ती दाखवते. ही पद्धत ब्रिटिश म्युझियममध्ये 1973 साली सुरू झाली. सुमारे 2 ग्रॅम नमुना, अर्धा मिलिलिटर पाणी आणि शिसं, तांबं, चांदी यांच्या पट्ट्या बंद काचनळीत 60 अंश सेल्सियसला 28 दिवस ठेवायच्या. शेजारी नमुन्याशिवायची एक नळी तुलनेसाठी. प्लायच्या नळीतली शिशाची पट्टी पांढरी झाली, पॉलिइथिलीन फोमची जशीच्या तशी राहिली.

नाण्यांसाठी पावडर-कोटिंगचं स्टील कपाट मंजूर झालं. कोटिंग भट्टीत नीट भाजलेलं असावं आणि वास पूर्ण जाईपर्यंत ते उघडं ठेवावं, एवढी अट आम्ही घातली. पैसे खर्चून घेतलेलं प्लायचं कपाट टाकवत नाही, हे समजण्यासारखं आहे. त्यात दगडी हत्यारं खुशाल ठेवावीत. शंखाच्या बांगड्या मात्र नकोत: शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याच्यावरही हीच आम्लं पांढरी फुलोरी आणतात, आणि त्या संग्रहालयात उत्खननातल्या बांगड्यांचा अख्खा खण शेजारच्याच प्लायच्या कपाटात होता. स्थिती-नोंदीसाठी पुढचा खण तोच घेतला.