शेवटी काय निघालं?

माझा नवा कॉम्प्युटर मधूनच अडकायचा, स्क्रीन काळी व्हायची; हे प्रकरण ज्यांच्या ज्यांच्या कानावर गेलं, ते सगळे भेटले की हेच विचारतात. लग्नात, साइटवर, प्लायवुडवाल्याच्या दुकानात. "मग, शेवटी काय निघालं?" मी सांगायला सुरुवात करते आणि दुसऱ्याच वाक्याला समोरच्याचं लक्ष उडतं, कारण त्याला एका दमात सांगता येईल असं उत्तर हवं असतं. कार्ड खराब होतं, रॅम गेली होती, व्हायरस होता, असलं काहीतरी. यातलं एकही मला म्हणता येत नाही. आणि मी तसं म्हणत नाही म्हटल्यावर लोक धरून चालतात की मुळात काही झालंच नव्हतं, हिलाच उगाच वाटत होतं. हे मला सहन होत नाही. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

"लॅपटॉप का नाही घेतलास" हा उपप्रश्न आधी निकालात काढू. मी इंटिरिअरची कामं करते. क्लायंटच्या घरी जाऊन त्यांच्याच टीव्हीला मशीन जोडायचं, अनरीअल या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं घर उघडायचं आणि माउस त्यांच्या हातात द्यायचा, ही माझी पद्धत. तितक्याच ताकदीचा लॅपटॉप माझ्या बजेटात बसत नव्हता. म्हणून छोट्या कॅबिनेटमध्ये डेस्कटॉप बसवला: मिनी आयटीएक्स म्हणजे छोट्या आकाराचा मदरबोर्ड, रायझेन 7000 मालिकेतला प्रोसेसर, 32 जीबी डीडीआर5 रॅम, 12 जीबीचं ग्राफिक्स कार्ड. अशा कॅबिनेटात जागा वाचवायला बोर्ड एका बाजूला आणि कार्ड दुसऱ्या बाजूला, पाठीला पाठ लावून बसवतात. दोघांना जोडायला मधून एक चपटी केबल जाते, तिला रायझर म्हणतात. माझी रायझर कॅबिनेटसोबतच, आधीच बसवून आली होती. हे लक्षात ठेवा.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्क्रीन बराच वेळ काळीच होती. डीडीआर5 रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने तिच्याशी जुळवून घेणं, पहिल्या वेळी काही मिनिटं घेतं, हे मी वाचून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाही. विंडोज टाकलं, सगळं सुरळीत. मग प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि अडकायला लागलं. हॉलमधून स्वयंपाकघराकडे वळताना चित्र क्षणभर गोठायचं आणि एकदम पुढे उडी मारायचं. कधी तर स्क्रीन काळी व्हायची, दोन-तीन सेकंदांनी परत यायची आणि कोपऱ्यात ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, प्रतिसाद देणं थांबवल्याचा निरोप दिसायचा. एका क्लायंटच्या सासूबाई सोफ्यावरून उठून म्हणाल्या, "लाइट गेले का हो?" मी हो म्हटलं. अजून आठवतं ते.

उपाय सगळ्यांनी सुचवले आणि मी सगळे केले. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या प्रोग्रामने ड्रायव्हर मुळासकट काढून पुन्हा टाकला. बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. रॅमला जास्त वेगाने चालवणारं एक्स्पो प्रोफाइल बंद करून तिला 6000 च्या वेगावरून 4800 वर चालवून पाहिली. पॉवर सप्लायपासून कार्डापर्यंत एकाच वायरीला दोन तोंडं होती, त्याऐवजी दोन वेगळ्या वायरी ओढल्या. इलेक्ट्रिशियन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घेतलं. काळी स्क्रीन येतच राहिली.

आता मुंबईला गेले त्या दिवसाबद्दल.

पार्ट मुंबईहून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणले होते, म्हणून मशीन घेऊन तिकडेच गेले. बाबा सोबत आले. निम्मे पैसे त्यांचे होते आणि त्यांना वाटत होतं की वडीलधारं माणूस बरोबर असलं की दुकानदार नीट बोलतो. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने निघालो. कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून बाबांनी दादरपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिथून लोकलने ग्रँट रोड.

काउंटरवरच्या माणसाला मी सांगायला लागले. त्याने माझं अर्धं ऐकलं आणि बाबांकडे बघून विचारलं, "अंकल, गेम खेलते हो इसपे?" बाबा म्हणाले, मुलीचं आहे, तिला विचारा. त्यानंतरही तो बाबांशीच बोलत राहिला. आतल्या पोराने कॅबिनेट उघडलं, कार्ड काढलं आणि काउंटरमागच्या उघड्या टेस्ट बेंचवर थेट बोर्डात बसवलं. बेंचमार्क, म्हणजे कार्डाचा वेग मोजणारा प्रोग्राम, लावला. स्क्रीनवर ड्रॅगन उडाला, कारंजी उसळली, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं), हा आकडा आला. "अंकल, देखो. एक सौ दस एफपीएस. इसमें क्या प्रॉब्लेम है?"

मी म्हटलं, सरासरी दाखवू नका, प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ दाखवा. हे मी हवेत बोलत नव्हते. एका सेकंदात शंभर फ्रेम आठ-आठ मिलिसेकंदांत आल्या आणि एकाच फ्रेमला 200 मिलिसेकंद लागले, तर आकडा 101 एफपीएस दिसतो, पण सेकंदाचा पाचवा हिस्सा चित्र थिजलेलं असतं. आपल्या डोळ्याला नेमकं तेवढंच दिसतं. स्कॉट वॉसन या हार्डवेअर समीक्षकाने 2011 मध्ये हेच आलेख काढून मांडलं होतं, आणि आज ग्राफिक्स कार्डांची गंभीर परीक्षणं सरासरीसोबत सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा देतात तो त्या विचारातूनच आला. माझ्याकडे प्रेझेंटमॉन या फ्रेमच्या वेळा टिपणाऱ्या प्रोग्रामने नोंदवलेली फाइल होती, आलेखातले सुळके होते. मी फोनवर दाखवायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, ये सब यूट्यूब का ज्ञान है."

मग मी म्हटलं, माझ्या कॅबिनेटात परत बसवून चालवा. त्यांनी बसवलं, पाच मिनिटं चालवलं. पाच मिनिटांत काहीही झालं नाही. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, एकाने घड्याळ पाहिलं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, "तुमचा वेळ घेतला, सॉरी हां." मला ते सॉरी नको होतं. आमची काही चूक नव्हती.

मी हटून बसले म्हणून कार्ड सर्व्हिस सेंटरला पाठवायला त्यांनी ठेवून घेतलं. परतीच्या गाडीत कसाऱ्याच्या आसपास बाबांनी अगदी हळू विचारलं, "तुला खरंच दिसतं ना गं तसं?" त्यांचा आवाज काळजीचा होता, आरोपाचा नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मी बोलले नाही याचा अर्थ त्यांनी काय काढला ते मला आजही माहीत नाही.

कार्ड नसताना मशीन प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालत होतं. त्या काळात एकदाही स्क्रीन काळी झाली नाही. आता मला सांगा, यावरून तुम्ही काय समजला असता? मी समजले की दोष कार्डातच आहे. सर्व्हिस सेंटरला मी मेल लिहिली, कार्ड बदलूनच द्या, आणि जोर देऊन लिहिली. नंतर एका मित्राने मला ऐकवलं की तू उगाच त्यांच्यावर घसरलीस. मला ते पटत नाही. हातात जेवढा पुरावा होता त्यावरून तोच निष्कर्ष निघत होता. फक्त एक गोष्ट त्या पुराव्यात दडून होती: कार्ड काढलं की रायझरही कामातून बाद होते. कार्ड आणि केबल यांना वेगळं पाडणारी परीक्षा अजून कोणी केलीच नव्हती.

कार्ड परत आलं, सोबत चिठ्ठी: तपासणीत दोष आढळला नाही. परत बसवलं, त्याच संध्याकाळी स्क्रीन काळी.

उत्तर सापडलं ते विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत. लाल खुणांच्या एररमध्ये मी आधीही शोधलं होतं. या वेळी पिवळ्या वॉर्निंगही उघडल्या. डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग), इव्हेंट 17, एक हार्डवेअर एरर दुरुस्त केली, घटक: पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट. ढीगभर. त्यांच्या वेळा मी माझ्या आलेखातल्या सुळक्यांशी ताडून पाहिल्या आणि त्या जुळल्या.

बोर्ड आणि कार्ड यांच्यात माहिती पीसीआय एक्सप्रेसने जाते. तिच्या पिढ्यांना जेन म्हणतात आणि माहितीच्या एकेका वाटेला लेन. जेन 3 मध्ये एका लेनचा वेग सेकंदाला 8 गिगाट्रान्सफर, जेन 4 मध्ये 16. बोर्ड जेन 4, कार्ड जेन 4, म्हणून दोघांनी आपसांत जेन 4 ठरवून टाकलं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड प्रोग्राममध्येही जेन 4, सोळा लेन, सगळं झकास दिसत होतं. मधली रायझर मात्र जेन 3 च्या वेगासाठी बनवलेली. हे ना कॅबिनेटच्या खोक्यावर लिहिलं होतं, ना माहितीपत्रकात. जेन 4 च्या वेगाला तिच्यातून सिग्नल नीट पोचत नाही. प्रत्येक पॅकेटबरोबर तपासणीचा कोड असतो. तो जुळला नाही की पॅकेट पुन्हा पाठवलं जातं. म्हणून चित्र बिघडत नव्हतं, रंग फाटत नव्हते, फक्त उशीर होत होता. चुका फार झाल्या की कार्ड उत्तरच देईनासं होतं. विंडोज साधारण दोन सेकंद वाट बघतं आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. तीच ती काळी स्क्रीन.

बायॉसमध्ये जाऊन स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन 3 केला. वॉर्निंग थांबल्या. काळी स्क्रीन गेली. जेन 3 मुळे वेगात जो फरक पडला तो माझ्या कामात जाणवतही नाही.

तर खराब काय होतं? कार्ड नाही, ते बेंचवर नीटच चालत होतं, कारण बेंचवर रायझर नव्हती. केबल नाही, ती तिच्या वेगाला चोख काम करते, आजही करतेय. बोर्डही नाही. आमच्या साइटवर असं होतं कधीकधी: दार मापात, चौकट मापात, दोन्ही सुतारांचं काम निर्दोष, आणि दार लागत नाही. सर्व्हिस सेंटरची चिठ्ठी खरी होती आणि माझी तक्रारही खरी होती. त्यांनी कार्ड तपासलं. माझी तक्रार कॉम्प्युटरची होती. सुटा भाग तपासून "दोष नाही" म्हणून परत पाठवणारी ही व्यवस्था मला आजही अपुरी वाटते. गिऱ्हाइकाचं मशीन जसंच्या तसं तासभर चालवून बघायला कोणीही तयार नसतं, आणि मग खोटं ठरतं ते गिऱ्हाईक.

असं खोटं ठरलेली मी एकटी नाही. रायझेनच्या कित्येक मशीनवर विंडोज 10 आणि 11 मध्ये मधूनच अडकायचं. लोक सांगत राहिले, त्यांना ड्रायव्हर बदला म्हणून सांगण्यात आलं. मार्च 2022 मध्ये रायझेन बनवणाऱ्या एएमडीनेच मान्य केलं की प्रोसेसरमधलं सुरक्षेचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बोर्डावरच्या फ्लॅश चिपशी जास्त वेळ देवाणघेवाण करत बसतं आणि तेवढा वेळ मशीन थबकतं. मग बायॉसमधून दुरुस्ती आली. ज्यांना आधीपासून दिसत होतं, त्यांना भास होत नव्हता.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. माझं अडकणं पूर्ण गेलेलं नाही. नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा दार उघडून आतली लाकडी पॅनेलिंग समोर आली की अजूनही एक बारीक झटका बसतो. तो निराळ्या जातीचा आहे. एखादं मटेरियल प्रथमच दिसतं तेव्हा त्याचं शेडर, म्हणजे ते कसं दिसेल हे कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्राम, आयत्या वेळी कंपाइल म्हणजे तयार होतं. दुसऱ्यांदा त्याच दारातून गेलं की झटका नसतो, म्हणून क्लायंट येण्याआधी मी सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून घेते. तो झटका पहिल्या दिवसापासून होताच, केबलच्या गोंधळात मिसळून गेला होता. सुरुवातीचे किती झटके केबलचे आणि किती शेडरचे, हे मला आता वेगळं करता येणार नाही.

बाबा अजूनही लोकांना सांगतात, "मुंबईला नेऊन आणलं तेव्हा ठीक झालं." तुमच्यापैकी काही जणांनी ते त्यांच्याकडूनच ऐकलं असेल. मी त्यांना बायॉसची स्क्रीन उघडून दाखवली, त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्याच पाहुण्याला परत तेच सांगितलं.

जेन 4 ची रायझर बाजारात मिळते. ती आणून स्लॉट पुन्हा ऑटोवर टाकावा का, हे मी ठरवलेलं नाही. वॉर्निंग आल्या नाहीत तर दोष जोडणीतच होता हे पक्कं होईल. आल्या, तर जेन 4 च्या वेगाला कार्डातही काहीतरी कच्चं आहे असं मला म्हणावं लागेल, आणि कार्डाची वॉरंटी अजून शिल्लक आहे.