डेस्टिनीचा शेवट : तिसरा भाग रेकॉर्ड झाला, चौथा कागदावर

मागच्या नोंदीत 'स्टारगेट युनिव्हर्स' मालिकेतल्या ईलायला, म्हणजे त्या हुशार गणिती पोराला, डेस्टिनी या अंतराळजहाजावर एकटा सोडून थांबलो होतो. तो आता पुढं सरकलाय, खरं सरळ नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. 'स्टारगेट युनिव्हर्स', पृथ्वीपासून फार लांब डेस्टिनीवर अडकलेल्या माणसांची ही मालिका, ऑक्टोबर 2009 मध्ये सुरू झाली, दोन सीझनमध्ये 40 भाग झाले, डिसेंबर 2010 मध्ये चॅनेलनं मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मे 2011 मध्ये शेवटचा भाग लागला. अशीच अर्ध्यात तुटलेली 'फारस्केप' 2004 मध्ये मिनी-सिरीज होऊन पूर्ण झाली, 'फायरफ्लाय'ला 2005 मध्ये सिनेमा मिळाला. डेस्टिनीच्या नशिबी तेवढंही नव्हतं. पुढची गोष्ट सांगणारं कॉमिक नंतर आलं, पण आम्ही त्यातलं काही घेतलेलं नाही. तिचा शेवट पुरा करणारी आमची ही मराठी श्रुतिका, सहा भागांची, आपल्या आपल्यात ऐकायला. विकायची नाही, कुठं चढवायची नाही.

शेवटच्या भागात काय झालं ते आठवत असेलच. हल्ला करणाऱ्या ड्रोन्सनी साऱ्या वाटा अडवलेल्या, म्हणून सगळ्यांनी स्टॅसिस पॉडमध्ये (वर्षानुवर्षं शरीर जसंच्या तसं ठेवणाऱ्या पेटीत) झोपायचं आणि एका उडीत पुढची दीर्घिका गाठायची. हिशेब बरोबर असेल तर तीन वर्षं, जरा चुकला तर हजार. एक पॉड बिघडलेला, म्हणजे एकानं जागं राहून तो दुरुस्त करायचा. वीज एवढीच की लाइफ सपोर्ट, म्हणजे हवा आणि ऊब देणारी यंत्रणा, दोन आठवडे चालेल. शास्त्रज्ञ रश थांबतो म्हणतो, जहाजाचा प्रमुख कर्नल यंगचा त्याच्यावर विश्वास नाही, शेवटी ईलाय थांबतो. काचेपुढं उभा राहून तारे बघतो, हसतो, आणि पडदा. बऱ्याच जणांना हाच शेवट पुरेसा वाटतो. मला नाही वाटत. दोन आठवड्यांची मुदत घालून दिलीत, तर ती संपताना काय झालं ते सांगणं तुमचं कामच होतं.

आमचा नियम एकच: जे पडद्यावर येऊन गेलंय तेवढंच वापरायचं. पृथ्वीवरून नवं जहाज येणार नाही, कपाटात विसरलेलं यंत्र सापडणार नाही. असे शेवट मी पुष्कळ वाचलेत. दोन पानांत सुटका, आणि पोराच्या चौदा दिवसांना अर्थच उरत नाही.

या नियमानं पहिलं अडवलं ते कम्युनिकेशन स्टोन्सनी. दगडांवरून माणसाचं मन पृथ्वीवरून थेट जहाजावर येतं. मग एखादा तज्ज्ञ बोलवून पॉड दुरुस्त का करून घेत नाहीत? पृथ्वीवरचा शास्त्रज्ञ रॉडनी मॅके तर दुसऱ्या सीझनमध्ये असाच येऊन गेलाय. हा प्रश्न सोडून पुढं जाणं म्हणजे ऐकणाऱ्याला खुळं समजणं. म्हणून दुसऱ्या भागात मॅकेला आणलाच. तो येतो, बघतो, बिघाड अचूक सांगतो आणि म्हणतो की लागणारा सुटा भाग जहाजावर नाही. म्हणजे अक्कल मिळाली, वस्तू नाही. आणि तो ईलायच्याच अंगात आलेला असल्यानं तेवढा वेळ ईलाय स्वतः तिकडं पृथ्वीवर, आईपाशी. ती नर्स होती, तिला एचआयव्ही आहे, ती एकदा दगडांवरून जहाज बघून गेलीय, हे सगळं मालिकेतलंच. त्या दोघांचा प्रसंग लिहायला सगळ्यात सोपा गेला. दोघंही एकमेकांशी धडधडीत खोटं बोलतात आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

आता बिघाड. तो नेमका कसला, ते मालिकेत कुठं खोलात येत नाही, म्हणून आम्ही थंडाव्याची लाइन फुटल्याचं धरलं. नळी आणायची कुठून? जहाजावरच्या ब्रोडीची दारूची भट्टी! जहाजावर अडकल्यावर गड्यानं पहिल्यांदा जे धड काम केलं ते हेच. भट्टी आली म्हणजे वेटोळ्याची नळी आलीच.

मी बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. आमच्या तिथल्या जुन्या टर्नर मामांना जेवणाच्या सुट्टीत ही अडचण घातली. सायन्स फिक्शनचा त्यांना गंध नाही. डबा बाजूला सारून त्यांनी पॉडचं चित्र मागितलं, मोबाईलवर मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "कॉइल तांब्याचं असंल तर वळंल की. खरं जोडतासा कसं?"

"ब्रेझिंग करून."

"ह्या सीलजवळ आग नेलासा तर सील करपून जाईल की. मग माणूस कुठं झोपवतासा? फ्लेअर मारा. एसीवाले मारतात बघा तसं. आग नको, काही नको."

तर तिसऱ्या भागातला सगळा मधला पट्टा या फ्लेअरचा आहे. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवायचं, ते निमुळत्या फिटिंगवर बसवून नटानं आवळायचं. तांबं मऊ असतं म्हणून दाबानंच सांधा बसतो. फाकवताना घाई केली तर कडेला बारीक चीर जाते, तेवढा तुकडा कापून टाकून परत सुरुवात, आणि नळी दर वेळी आखूड होत जाते. नाट्य याहून वेगळं काय असतं? आम्ही खरी तांब्याची नळी आणि खरं फ्लेअरिंग टूल घेऊन आवाज घेतला. स्क्रू फिरवतानाची करकर आणि चीर जातानाचा 'टिक' हेडफोनवर ऐकला की अंगावर काटा येतो. मामांनी स्वतः मुद्दाम चिरवून दिली. म्हणाले, जन्मात पहिल्यांदा खराब काम करायला सांगितलं कुणीतरी.

दुसरा मुद्दा थंडीचा, आणि यावर आमच्यात जोराचं वाजलं. आमचा रशचा आवाज (खानापूरचे सर, भौतिकशास्त्र शिकवतात) म्हणाले, एवढ्या मोठ्या जहाजात एका माणसाला हवा कितीतरी महिने पुरेल. लाइफ सपोर्ट बंद झालं तर गारठा आधी गाठेल. आणि तोसुद्धा लगेच नाही, कारण पोकळीत उष्णता फक्त प्रारणानं बाहेर जाते, वारा नसतो. बाहेरच्या बाजूच्या खोल्या आधी गार होणार, आतल्या मागाहून. मला हे फार आवडलं. आता चौथ्या भागात ईलाय एकेक दार बंद करत आत आत सरकतो. ती ताऱ्यांची काचेची जागा, जिथं मालिका संपली, ती त्याला सगळ्यात आधी सोडावी लागते.

काहींना ईलायनं जहाजाशी मन जोडणाऱ्या खुर्चीत बसून जहाजाच्या मेमरीत जावं असं वाटतं. मेलेल्या जिन (ईलायची मैत्रीण) आणि अमांडा पेरी यांची मनं तिथंच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी ठेवलेली आहेत, जहाजावरचा फ्रँकलिनही खुर्चीतूनच गेला. नियमात बसतं, नाही असं नाही. पण मला ते पळवाटेसारखं वाटतं. जिनशी त्याला बोलायला मिळेल, पाचव्या भागात, उठल्यावर. त्यासाठी मरायची गरज नाही.

आवाजांचं सांगतो. एफटीएलमधली (प्रकाशाहून वेगानं जातानाची) घरघर वडगावात घेतली. ओळखीच्या घरी माग आहेत. आधी चालू मागाचा आवाज घेतला, पण धोट्याची खटखट इतकी तालात असते की जहाज साडी विणतंय असं वाटायला लागलं. मग माग थांबवून नुसती मोटर फिरवली, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सप्तकं खाली आणली, आणि जमलं. घरच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "माग बंद करून आवाज कसला घेतासा रे?"

डेस्टिनी ज्याच्या मागावर आहे तो संदेश वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणात (विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेल्या प्रारणात) दडलेला आहे, असं मालिका सांगते. संदेश कल्पित, प्रारण खरं. 1964-65 मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना अँटेनात न जाणारी खरखर ऐकू आली ती हीच, तापमान सुमारे 2.7 केल्विन, 1978 चं नोबेल त्यावरच मिळालं. जुन्या अँटेनावाल्या टीव्हीवर चॅनेल नसताना ज्या मुंग्या दिसतात, त्यातला साधारण एक टक्का याच प्रारणाचा असतो. मग वेगळा आवाज बनवायचा कशाला? सरांच्या घरी माळ्यावर पोर्टेबल टीव्ही होता, तो उतरवला, पुसला, लावला, मुंग्या रेकॉर्ड केल्या. सहाव्या भागात संदेश म्हणून तुम्ही जे ऐकाल त्यात तो एक टक्का अस्सल आहे.

जहाजावरच्या कॅमिल रेचा आवाज निपाणीच्या ताईंचा. शाळा कन्नड माध्यमाची, बोलणं घरचं मराठी, देवनागरी वाचताना मात्र अडखळतात. पहिल्या तालमीला वाक्यं तुटक यायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच सगळी संहिता कन्नड अक्षरांत उतरवून घेतली, भाषा मराठीच. आता सगळ्यांत सफाईनं त्याच वाचतात. सार्जंट ग्रीरचा आवाज देणाऱ्यानंही तशी प्रत मागितलीय.

रेकॉर्डिंग अजून माझ्याच खोलीत, दारंखिडक्यांवर वाकळा टांगून. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून गोठलेल्या जहाजाचे संवाद म्हणायचे म्हणजे शिक्षाच. ईलायच्या दातांचं कडकड वाजणं ऐकून कुणाला खोटं वाटलं तर सांभाळून घ्या.

सहावा भाग अजून भांडणात आहे. संदेशात काय आहे ते मी सांगणार नाही, यावर ठाम आहे. माझ्या मते खरा शेवट दुसराच: पलीकडच्या दीर्घिकेत पहिल्या ताऱ्यात शिरून जहाजानं इंधन भरलं, गेट (ग्रहांना जोडणारं स्टारगेट) एकदाच पृथ्वीला लागेल एवढी वीज आली, तर परत कोण जातं? जहाजाची वैद्यकीय काम बघणारी टीजे, तिला एएलएस (स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) आहे, तिचा उपाय कुठं मिळेल? यंग काय हुकूम देतो, की देतच नाही? रश राहणार हे शेंबडं पोरही सांगेल. ईलायबद्दल आम्ही दोन-दोन असे फुटलोय आणि ताई अजून बोललेल्या नाहीत. येत्या रविवारी टिळकवाडीत बसून मत घेणार आहोत. तोवर तिसरा भाग हवा असेल तर कळवा. जिथं चीर जाते तिथला आवाज फार मोठा वाटतो का, तेवढं ऐकून सांगा.