सडा म्हणजे सडाच

सातवीत होतो तेव्हाची गोष्ट, निबंधात मी लिहिलं होतं 'आमची शाळा सड्यावर आहे' आणि बाईंनी 'सड्यावर'खाली लाल रेघ मारली. बाई घाटावरच्या, त्याच जूनमध्ये रुजू झालेल्या, त्यांना सडा म्हणजे अंगणात घालतात तो शेणाचा नाहीतर प्राजक्ताच्या फुलांचा, एवढंच माहीत. बाजूला लिहिलं, पठार.

मला ते काही पटेना. आमची वाडी खाली, घाटी चढून वर आलं की सडा. गुरं सड्यावर, क्रिकेट सड्यावर, आजी पण म्हणायची सड्यावरचा वारा कानात घेऊ नको. माळ म्हटलं तर माळावर निदान माती तरी असते हो, इथे सगळा जांभ्याचा उघडा कातळ, मार्चमध्ये अनवाणी पाय ठेवून बघा! रत्नागिरीजवळच्या सडामिऱ्या गावाच्या तर नावातच सडा आहे, तिथे पठारमिऱ्या कोण म्हणेल?

बाईंना मी हे सगळं धीर करून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या चल दाखव, आणि मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग शाळेच्या मागे सड्यावर. पहिले पाऊस होऊन गेलेले, कातळाच्या भेगांत चिमूटभर माती असते ना तिच्यातून दीपकाडीची पांढरी फुलं वर आलेली. बाई चपला काढून वाकून बघत बसल्या, घंटा झाली तरी उठेनात. ही दीपकाडी कोकणच्या सड्यांवरचीच, हे मला फार नंतर कळलं. मग श्रावण-भादव्यात सीतेची आसवं, निळीनिळी, पाय ठेवायला जागा नसायची.

सातबाऱ्यावर यातल्या बऱ्याच जमिनीला पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी, लिहितात. वाचलं की जीव तुटतो. याच कातळावर कशेळीचा तो प्रचंड हत्ती कोरलाय, बारसूची, उक्षीची चित्रं आहेत, 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि तरी कागदावर खराबा! चिऱ्यांच्या खाणीसाठी मशीन लागलं की एका उन्हाळ्यात सडा खरवडून निघतो आणि तो काय परत उगवत नाही.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. लाल रेघेवर निळ्या पेनाने काट मारलेली आणि 'पठार' खोडून बाईंच्या अक्षरात 'सडा'. ती वही अजून आहे माझ्याकडे.

स्मरणिका समितीला एकच विनंती, प्रूफ तपासताना माझा सडा सडाच राहू द्या.