कागद ओढला, नाणं किती सरकलं?

टेबलावर कागदाची पट्टी, तिच्यावर नाणं. पट्टी झटक्यात काढली की नाणं जागेवर राहतं. नववीच्या वर्गात हा प्रयोग दरवर्षी होतो आणि जडत्वाचं नाव घेतलं की संपतो. मला ते उत्तर अपुरं वाटायचं. कागद नाण्याला घासतच निघतो ना, मग घर्षण त्याला थोडंतरी ओढणारच. किती, ते यंदा वर्गात जाण्याआधी मोजायचं ठरवलं.

आधी घर्षण. तोच कागद फळीवर चिकटवला, वर नाणं ठेवलं आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलत गेले. नाणं सुटलं तिथे हात थांबवला. उंची 12 सेंमी, पाया 40 सेंमी, भागाकार 0.3. हाच घर्षणांक, म्हणजे घर्षण हे भाराच्या किती पट ते! ना कोनमापक लागला, ना वजनकाटा. ही पद्धत मला फार आवडते. (एकदा सुटलेलं नाणं वेगच घेत जातं, कारण गतिक घर्षण (सरकताना लागणारं) स्थितिक घर्षणापेक्षा (सुटण्याआधीच्या) थोडं कमी असतं. त्यामुळे पुढचा हिशोब अंदाजाचाच.)

म्हणजे कागद नाण्याला जास्तीत जास्त घर्षणांक गुणिले गुरुत्व त्वरण, 0.3 × 9.8, साधारण 3 मी/से² त्वरण देऊ शकतो. पट्टी त्याहून कमी त्वरणाने ओढली तर नाणं तिच्याबरोबर निमूट येतं.

झटका हाताने ओढून नीट बसत नाही. पट्टीचं टेबलाबाहेरचं टोक एका हाताने आडवं धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टेबल आणि धरलेला हात यांच्या मधोमध वरून सपकन मारायचं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 चौकटी धरून, पट्टी 12 चौकटींत नाण्याखालून निघाली: 0.05 सेकंद. तेवढ्या वेळात नाणं जेमतेम 4 मिमी सरकतं, मग टेबलाच्या घर्षणाने थांबेपर्यंत आणखी साधारण तेवढंच. पेन्सिलीच्या खुणेपासून मोजलं तर सात-आठ मिमी भरलं.

जड वस्तू जास्त घट्ट राहते, असं मुलांना हमखास वाटतं. म्हणून तीन नाणी चिकटपट्टीने एकत्र बांधून पाहिली. सरकणं जवळपास तेवढंच! वजन तिप्पट झालं तसं घर्षणही तिप्पट झालं, आणि हिशोबातून वस्तुमान गळून गेलं. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं हे फ्रान्समध्ये गियोम आमोंताँ यांनी 1699 मध्ये मांडलं होतं. इथे ते पट्टीवर मोजता येतं.

वर्गात यापुढची पट्टी काचपेपरची असेल. मुलांनी आधी फळीवर घर्षणांक काढायचा, नाणं किती सरकेल तो आकडा वहीत लिहायचा, आणि मगच फटका मारायचा.