पर्थच्या अंगणातली कागदी फुलं
सकाळी ढग होते, तर एव्हरलास्टिंग डेझी सगळ्या मिटून बसलेल्या. ऊन आलं आणि बघता बघता अख्खा वाफा गुलाबी! बोट फिरवलं की चक्क कुरकुरतात. पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नाहीतच, सुकी कागदी पानं आहेत. खरी फुलं मधल्या पिवळ्या गोळ्यात दाटीवाटीने. एप्रिलमध्ये वाळूत बी भुरभुरलं, वर अगदी पातळ माती, बस्स. इथलीच रानफुलं ती, खताचे लाड कशाला? किंग्ज पार्कात सप्टेंबरमध्ये यांचे गालिचेच असतात. आईचा व्हिडिओ कॉलवर प्रश्न, "प्लास्टिकची नाहीत ना गं?" थोडी अर्धवट उमललेलीच खुडून गॅरेजमध्ये उलटी टांगलीत. दसऱ्याला झेंडूसोबत तोरणात ओवीन म्हणते. नवऱ्याला ही कल्पना अजिबात पटलेली नाही.