दोडामार्गचा नाका, टेक्सासची हद्द

माझं माहेर महाराष्ट्रात दोडामार्ग, सासर गोव्यात डिचोली. मधे नाका. नाक्यापलीकडे पेट्रोलचा भाव वेगळा, दारूचे नियम वेगळे, हे लहानपणापासून बघतेय. पण बाईला दिवस गेले आणि ते नको असतील, तर दोन्हीकडे गर्भपाताचा कायदा एकच, १९७१ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक कारणांसाठी २४ पर्यंत दोघांचं. गर्भात गंभीर व्यंग असेल आणि मेडिकल बोर्डानं मान्य केलं, तर त्यापुढेही.

अमेरिकेत असं नाही, हे २०२३ च्या दिवाळीआधी घरातच कळलं. माझी मावसबहीण तेव्हा टेक्सासात, डॅलसला होती. १८ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसलं की बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. जन्मलं तरी जगणार नव्हतं. तिच्या डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले, पण "इथे मला काही करता येत नाही," एवढंच त्या बोलल्या.

जून २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं देशभर गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल रद्द केला, आणि ज्या त्या राज्यानं आपापलं ठरवायचं असं झालं. टेक्सासात आईच्या जिवावर बेतलं किंवा तिच्या शरीराला मोठी इजा होणार असेल, तरच मुभा. बाळ वाचणार नाही, हे कारण चालत नाही. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शेजारच्या न्यू मेक्सिकोत मात्र सगळं कायदेशीर. म्हणून ती आणि तिचा नवरा हजारेक किलोमीटरवर आल्बुकर्कीला गेले. हॉटेल, विमान, सुट्ट्या. ज्यांच्यापाशी एवढे पैसे नाहीत त्या बाईनं काय करायचं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा फोन आला. "ताई, दूध येतंय गं. काय करू?" दोन टॉप भिजले होते. मी म्हटलं, पिळू नकोस, गार पाण्याच्या पट्ट्या ठेव, दाटून आलेलं आपोआप ओसरेल. मग आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता फोन धरून बसलो.

इथे सगळं सुरळीत आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१६ मध्ये तांबी असूनही मला दिवस गेले. दोन मुलं होती, नवरा बोटीवर. एका दवाखान्यात सांगितलं, नवऱ्याची सही आणा. तो समुद्रात, फोन लागेना. नऊ दिवस गेले, रोज सकाळी उलट्या आणि रोज तोच विचार. बाहेर भिंतीवर पोस्टर होतं, 'गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे'. शेजारी बसलेली बाई ते वाचून मला हळूच म्हणाली, "क्युरेटिंग करायला बंदी आहे ना आता?" पोस्टरवरचा तो कायदा निराळा, लिंगनिदानाचा, १९९४ चा; गर्भपाताचा नव्हे. हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेवटी म्हापशाला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नवऱ्याचं विचारण्याआधीच मी खुलासा करायला लागले. त्यांनी मला थांबवलं आणि संमतीचा फॉर्म पुढे सरकवला. "वय अठराच्या वर आहे ना? मग तुमचीच सही लागते." मी फॉर्म उलटून पाहिला. नवऱ्याच्या सहीला त्यावर जागाच नव्हती.