गुलमर्गची तयारी: यंदा आधी मोजे

गेल्या फेब्रुवारीत स्कीसाठी गुलमर्गला आठ दिवस काढले, त्यातले तीन गारठलेल्या पायांनी खाल्ले. चूक माझीच. साताऱ्यातून निघताना आई म्हणाली, "बर्फात चाललायस, दोन-दोन मोजे घाल." मलाही ते पटलं. आत सुती, वर जाड लोकरी. भाड्याच्या बुटात पाय कसाबसा कोंबला, चारही बक्कलं आवळली आणि अर्ध्या तासात अंगठ्याचा पत्ता नाही. बक्कलं सैल केली, तर टाच वरखाली व्हायला लागली आणि स्की माझं ऐकेनात. तिसऱ्या दिवशी नडगीवर आडवा लाल वळ आणि टाचेला रुपयाएवढा फोड.

आता कळतं की गडबड थंडीची नव्हती, गर्दीची होती. स्कीच्या बुटाला बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच आणि आत जाड अस्तर. ऊब द्यायचं काम त्या अस्तराचं. आपण दोन मोजे भरले की पाय दाबला जातो, रक्त चवड्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि मग कितीही लोकर घाला, बोटं गारच. त्यात सुती मोजा घाम पितो आणि तसाच ओला बसतो. म्हणून एकच जोड, पातळ, पोटरीच्या वरपर्यंत येणारा. जुने स्कीवाले हे पहिल्या दिवसापासून सांगत होते, मला पटायला एक फोड लागला.

१७ नोव्हेंबर
तीन जोड मागवले. पहिला मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर), नायलॉन आणि थोडं इलॅस्टिक असा मिश्र, पातळ. दुसरा तसाच, पण नडगीवर जाड गादीवाला. तिसरा निव्वळ सिंथेटिक, स्वस्त. शंभर टक्के मेरिनोच्या मागे लागलो नाही, नुसती लोकर टाचेला लवकर विरते. दोन जोडांवर डावा-उजवा लिहिलंय. आधी हसू आलं, पण घालून बघितल्यावर पटलं: बोटांशी जादा कापड राहत नाही.

आईने मेरिनो चिमटीत धरून बघितला. "ही लोकर? टोचत नाही ती!" आमच्याकडे लोकर म्हणजे माणदेशी धनगरांची घोंगडी. आजोबा पावसात तीच डोक्यावर घेऊन रानात जायचे. भिजून जड व्हायची, पण आत माणूस उबदार. मेरिनोचं कूळ तेच, फक्त तंतू बारीक, १७ ते १९ मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच जाड, म्हणून टोचते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. आजोबांना हे माहीत होतं, मला विकत घेऊन शिकावं लागलं.

३० नोव्हेंबर
साताऱ्यात स्कीचा बूट कुठला मिळायला? शेतावरचे गमबूट काढले. तेही पोटरीपर्यंत, त्यांच्यातही हवा खेळत नाही. बक्कलांच्या जागी नडगीवर बॅगेचा पट्टा आवळला आणि पहाटे साडेपाचला 'चार भिंती' स्मारकाच्या बाजूने अजिंक्यतारा किल्ल्यावर. वर फिरायला आलेले एक काका थबकले, "काय, पाऊस यायचाय व्हय?" काय सांगणार, हो म्हटलं.

उतरल्यावर मोजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पातळ मेरिनो जाताना ६८ ग्रॅम, येताना ७७. सिंथेटिक ५४ चा ६१. म्हणजे सिंथेटिकने घाम कमी धरला, पण पाय जास्त चिकट लागला आणि वास असा की बायकोने काटाच बदलायला सांगितलं. काटा धुतला. तो मोजा आता पळायला.

१४ डिसेंबर
गादीवाला जोड बाद. यवतेश्वरच्या घाटात तासभर चढलो, तेव्हा बरा वाटला. घरी भिंतीला पाठ टेकवून गुडघे वाकवून बसलो, स्कीवर बसतो तसा, आणि पाच मिनिटांत पट्ट्याखाली गादी गोळा झाली. गेल्या वर्षीचा वळ आला होता नेमका तिथेच. बुटात सुरकुतीला माफी नाही. याच कारणाने थर्मलचा पायही मोज्यात खोचायचा नाही. मी पाऊण लांबीची थर्मल घेतलीय, मोजा जिथे संपतो तिथेच तीही संपते.

बुटाच्या मापाचंही एक. टाच भिंतीला लावून पाय मोजला: डावा २६.३, उजवा २६ सेंटिमीटर. स्कीच्या बुटाचं माप सेंटिमीटरमध्येच असतं, त्यामुळे भाड्याच्या दुकानात "आठ नंबर" म्हणायचं नाही. गेल्या वर्षी दुकानदाराने २७.५ दिला आणि म्हणाला, जाड मोजा घाला, बसेल. यंदा अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालणार. बोटं पुढे टेकली की टाचेमागे दोन बोटांची जागा, त्याहून जास्त असेल तर परत.

२८ डिसेंबर
पातळ मेरिनोचे आणखी दोन जोड घेतले. दोन आलटूनपालटून स्कीसाठी, तिसरा फक्त झोपायला, त्याला बूट दाखवायचा नाही. हॉटेलमधून निघताना वेगळे मोजे, स्कीचे बूट घालतानाच कोरडे चढवायचे. जीपमध्येच पाय घामेजले तर पुढचा दिवस गेला.

धुणं गार पाण्यात, पिळायचं नाही, सॉफ्टनर नाही. आणि मोजे बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या काश्मिरी शेगडीवर, वाळत घालायचे नाहीत. गेल्या वर्षी मी घातला होता. सकाळी अंगठ्याच्या जागी नायलॉन वितळून कडक टिकली झाली होती, फुटाण्याएवढी. ती अजून ड्रॉवरमध्ये आहे.

राहिलं एकच काम: पायाची नखं. निघायच्या तीन दिवस आधी कापायची, आदल्या रात्री नाही.